पाय ब्रेकवर असताना

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज पुन्हा शाळेजवळच्या चढाच्या वळणावर ट्रकने मान टाकली. मागे बावीस पिंपं पाणी. मुलांची रांग रस्ता ओलांडत होती म्हणून थांबले, आणि निघताना बघते तर इंजिनात जीवच नाही. ॲक्सिलरेटर दाबतेय, दाबतेय — नुसतं खोकतंय! ट्रक हातभर मागे आला. मागच्या मोटारवाल्याने हॉर्नवर ठेवलेला हात काढलाच नाही.

मामंजींनी तीस वर्षं हाच पेट्रोलचा ट्रक घेऊन टेकडीवरच्या वस्तीला पाणी पोचवलं. त्यांना अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली, उजवा हात लुळा पडला, तेव्हापासून ट्रक माझ्या हाती. आठ महिने झाले. नवरा म्हणाला, आता ट्रकलाही झटका आलाय. मला हसू आलं नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

ट्रक चष्मा मिस्त्रीकडे. त्याचा चष्मा कायम कपाळावर असतो, डोळ्यांवर मी कधी पाहिला नाही. प्लग घासले, पॉइंट बदलले, पेट्रोलचा फिल्टर नवा घातला, कार्ब्युरेटर उघडून साफ केला. नाक्यापर्यंत ट्रक लोण्यासारखा गेला. चढावर मात्र पहिले पाढे पंचावन्न.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

मिस्त्री म्हणतो, "वहिनी, हा कुठूनतरी चोरून हवा खातोय."

मग त्याने समजावलं. इंजिन पेट्रोल आणि हवा मापात ओढून घेतं. वाटेत कुठे फट असेल तर तिथून फुकटची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं आणि ताकद जाते. आठ महिने मी हे धूड हाकतेय, पण ते श्वास घेतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! त्याने एका नळीने इंजिनाची ओढ मोजणारा मीटर जोडला. सुई थरथरत होती. मग तो जोडाजोडांवर स्प्रे मारत गेला, कान देऊन. जिथे फट तिथे आवाज बदलतो. तिसऱ्या जोडाला खरंच बदलला! काढून पाहिलं तर जोडातल्या पातळ पट्टीला, गॅस्केटला, एवढीशी चीर. केसाएवढी. साडेतीन टनाच्या ट्रकला एका केसाने लोळवलं म्हणायचं. मी ते फाटकं गॅस्केट घरी आणलंय, सारखी बघतेय.

नवीन गॅस्केट बसलं. सुई एका जागी स्थिर.

७ फेब्रुवारी, शनिवार

शाळेचं वळण. तेच. फोनवर सांगितलं तर मिस्त्री म्हणाला, बुधवारी मीटर घेऊन घरीच येतो.

९ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी किल्ली गायब. तासभर घर उलथंपालथं केलं. शेवटी मामंजींच्या उशीच्या अभ्र्यात सापडली. समोर धरून विचारलं, ही तुम्ही ठेवलीत? त्यांनी ती हिसकावून मुठीत आवळली आणि जोरजोरात मान हलवत राहिले. नाही, नाही, नाही. बोटं उघडेनात. दुसरी किल्ली होती, पण पाणी पोचायला दुपार झाली.

नवऱ्याचा धीर सुटला. झटक्यानंतर डोकंही जाऊ शकतं, असं डॉक्टरांनी सांगितलंच होतं. काही विचारा, उत्तर नाही. हाक मारा, वळून बघत नाहीत. आणि आता हे किल्ली लपवणं. दिवसभर आम्ही दोघंही बाहेर. उद्या गॅस सुरू करून ठेवला तर? गावाबाहेरच्या वृद्धांच्या संस्थेत त्याने जागा विचारून ठेवली होती म्हणे. येत्या शनिवारपासून मिळतेय. "मला काय हौस आहे का बापाला पोचवायची?" म्हणाला, आणि तोंड धुवायला गेला. बराच वेळ नळ वाहत होता.

मी नाही म्हटलं नाही. खोटं कशाला लिहू? मीही थकलेय.

१० फेब्रुवारी, मंगळवार

ट्रक सुरू करून फाटकाशी आणला तर मामंजी आडवे! डावा पंजा बॉनेटवर रोवून उभे. हटेनात. मी खिडकीतून ओरडले, नको ते बोलले. नवऱ्याने खांद्याला धरून आत नेलं तेव्हा ते मागे वळून ट्रककडेच पाहत होते. माझ्याकडे नाही.

निम्मीच पिंपं भरली आणि लांबच्या, कमी चढाच्या रस्त्याने गेले. दिवसभर मनाला लागून राहिलं.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज जे पाहिलं ते नीट उतरवून ठेवते.

मिस्त्री मीटर घेऊन घरीच आला होता. ट्रक अंगणात, इंजिन सुरू, सुई जागची हलायला तयार नाही. दोष नाहीच, गाडी म्हातारी झाली, काढून टाका, असं तो सांगत होता. तेवढ्यात मामंजी भिंत धरत धरत बाहेर आले. मिस्त्रीला कोपराने बाजूला सारलं. माझं मनगट धरून मला कॅबपाशी नेलं, वर बसवलं. मग वाकले, माझा पाय हातात धरला आणि ब्रेकवर ठेवला. सुनेच्या पायाला हात! मी ओशाळून गेले. त्यांना त्याचं काही नव्हतं. दाब, अशी खूण केली.

दाबला. इंजिन थडथडायला लागलं आणि बाहेरून मिस्त्री ओरडला, सुई पडली! पाय काढ, अशी खूण. काढला, सगळं शांत. पुन्हा दाबला, पुन्हा थडथड. मिस्त्रीचा चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आला!

मग मामंजींनी डाव्या हाताने मिस्त्रीची पकड उचलली. इंजिनापासून ब्रेकच्या पत्र्याच्या डब्याकडे एक रबरी नळी जाते, ती चिमटली. माझा पाय ब्रेकवरच, तरी इंजिन एकदम सुरळीत. पकड सोडली, की थडथड. त्यांनी तीनदा करून दाखवलं. तिसऱ्या वेळी माझा हात ओढून नळीवर ठेवला, आणि खरंच, बोटांखाली ती वारा ओढत होती.

त्या डब्यात रबराचा पडदा असतो, इंजिनाच्या ओढीवर तो ब्रेकला जोर पुरवतो. तो फाटलाय. पण पाय ब्रेकवर पडल्याशिवाय त्यातून हवा शिरत नाही. चढावर निघताना मी टाच ब्रेकवर आणि बोटं ॲक्सिलरेटरवर ठेवते, म्हणून तिथेच दम जायचा. मिस्त्री पायरीवर बसला. म्हणाला, "आम्ही सगळे बॉनेटमध्ये डोकं घालणारे. मीटर लावून ब्रेकवर पाय ठेवायचं कुणाला सुचतं?" मग हळूच म्हणाला, "वहिनी, आणखी चार दिवस गेले असते ना, तर भरल्या गाडीला उतारावर तुमच्या पायाचा जोर पुरला नसता."

आणि मी त्या माणसावर ओरडले होते. किल्ली ठेवून घेतली, आडवे उभे राहिले, आणखी काय करायचं त्यांनी?

काय कान आहेत! आत पडल्या पडल्या, दोन भिंतींपलीकडून, एवढासा फुसफुसाट त्यांनी टिपला असणार. माझी तर मतीच गुंग झालीय.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

नवा पडदा बसला. शाळेच्या वळणावर मुद्दाम थांबले. दोनदा! ट्रक निघाला तो थेट वर. ब्रेकही हलका — आणि मी इतके दिवस माझ्या गुडघ्यांना दोष देत होते. दुसऱ्या गिअरमध्ये रडले. पिंपं उतरवणाऱ्या बायका विचारत होत्या, काय झालं? काय सांगणार!

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

नवऱ्याने संस्थेला नकार कळवला. मग मामंजींच्या उशाशी बसून पुटपुटला, "बाबा, चुकलो." ते खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर येऊन मला म्हणाला, रागावलेत, आणि बरोबरच आहे.

ज्याचं डोकं असं चालतं त्याला पुन्हा बोलायला शिकवता येतं, असं मिस्त्री म्हणतो. त्याच्या ओळखीत तसं शिकवणाऱ्या एक बाई आहेत. मंगळवारी जायचं ठरलं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

बाईंनी आधी कान तपासले. दोन्ही कान पार गेलेत. झटक्याने नाही — निदान पंधरा वर्षांपूर्वीच. ट्रक हातातून जाईल म्हणून कुणाला बोलले नसतील. समोरच्याचे ओठ बघून निभावलं. म्हणजे फुसफुसाट ऐकलाच नव्हता; अंगणात ब्रेक दाबला की खाटेच्या पायांतून चढणारी थडथड त्यांनी अंगाने टिपली असणार. आणि आठ महिने आम्ही उशाशी उभं राहून, डोक्यामागून बोलतोय.

नवरा आल्यापासून भिंतीला टेकून बसलाय. मी खुर्ची ओढली, मामंजींच्या अगदी समोर बसले, तोंड उजेडात धरलं आणि सावकाश विचारलं, "भूक लागलीय का?"

त्यांनी लगेच मान डोलावली.