पाठ मातीला लागली नाही

५ जानेवारी, रविवार
आचल हरली! अमरावतीला, कुस्तीच्या जिल्हा निवड चाचणीच्या फायनलला. समोरची पोरगी अर्धी उलटी झाली होती, तरी हातातून निसटली आणि हिलाच पाडून गेली. दुसरी आली म्हणून अकोल्याच्या विभागीय चाचणीला जाता येईल, पंचवीस तारखेला. तिथे मात्र पहिली येईल तीच राज्याला जाते.

तिवस्याला घरी येईपर्यंत सूनबाई तोच डाव हवेत हात फिरवून करून बघत होती. अमोल म्हणाला, "जाऊ दे ना, सेकंड बी चांगलंच असते." पोटचा पोरगा आहे म्हणून सोडला.

६ जानेवारी
कालचं एक लिहायचं राहिलं. हरल्यावर कोच करिश्मा मॅडमनी तिला विचारलं, "घरी सरावाले कोन असते?"
"हे असतात."
"जोर लावतात का ते?"
"हात लावायच्या आधीच पडतात, मॅडम."

खरं आहे. आचल शहात्तर किलोच्या गटात, अमोल वाऱ्याने उडेल असा. तिचा डाव धोबीपछाड, म्हणजे समोरच्याचा हात धरून त्याला पाठीवरून आपटायचं. आमचा अमोल हात धरला की चष्मा काढतो आणि स्वतःच आडवा होतो. नवरा म्हणून चांगला आहे.

मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या, "घरात येवढा पहेलवान हाये, त्यायले उतरवा ना!"
ऐकू आलं नाही असं दाखवलं.

८ जानेवारी
सासरा सुनेशी कुस्ती खेळतो का? गाव काय म्हणेल? हे झालं लोकांना सांगायचं कारण.

दुसरं फक्त इथे. माझी पाठ आजवर मातीला लागलेली नाही. दंगलीत नाही, तालमीत नाही, सरावातसुद्धा नाही. मॅटवर गुणांनी हरलो आहे — पण पाठ नाही! जत्रेच्या दंगलीत गावचा निवेदक धर्मेंद्र दर वर्षी माईकवरून ओरडतो, "पाठ मातीला न लागलेले सूर्यभान पहेलवान!" मग फेटा, नारळ, टाळ्या. शेषराव टपरीवर अजून खोदून विचारतो, "एखांद्या बारीनं तरी लागलीच असंल ना गा?"
नाही लागली. मी झोपतोसुद्धा कुशीवर.

११ जानेवारी
आचल गोठ्यामागच्या आखाड्यात पोतं पाडत होती. सरकीचं. आखाडा मी ती सून होऊन आल्यावर तिच्यासाठीच केला — आमची काळी माती चिकटते, म्हणून लाल माती आणून तेल-हळद-ताक घालून मळली. एवढं केलं, ते कुणी बोलत नाही.

मैनाबाई बाजारासाठी वांगी निवडत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "पोत्याचं गावात नाव नाही, म्हून पडते ते."
उठून वाडीत गेलो. राग आला. बायको खरं बोलली की येतोच.

१४ जानेवारी, संक्रांत
आचल तिळगूळ देऊन पाया पडली. "मामाजी, आशीर्वाद द्या." दिला. आशीर्वादाने कुणाचे खांदे टेकत नाहीत, हे तिलाही माहीत आहे आणि मलाही.

१५ जानेवारी
उतरलो.
मैनाबाई खाटेवर पंच होऊन बसली. म्हणाली, "सासरा-सून खाटीच्या इकडं. तिकडं दोन पहेलवान." आचलने माती कपाळाला लावली, माझा हात धरला — देवाचा प्रसाद धरावा तसा! म्हटलं, "जोरानं धर." तिने धरला. मी पडलो. मुद्दाम.

माती गार असते. माहीत नव्हतं.
मुद्दाम पडलेलं विक्रमात धरत नाहीत, असं मी ठरवलं आहे.

१८ जानेवारी
रोज पडतो आहे. कंबर गेली. अमोल व्हिडिओ काढत होता, पुसायला लावला.

आज आचल मध्येच थांबली. "मामाजी, तुमी बी आपल्या मनानंच पडून राहिले. यांच्यात अन् तुमच्यात फरक काय मंग?"
मैनाबाई म्हणाली, "बराबर बोलली."
अमोलशी तुलना! माझी! जेवण गेलं नाही.

१९ जानेवारी
उद्यापासून पडणार नाही.

२२ जानेवारी
पडलो नाही. परवा नाही, काल नाही, आज नाही. तिने धरलं की मी सुटतो, उलट तीच मातीत जाते. कोपर सोलवटलं तिचं. तरी उठते, पुन्हा हात धरते. आता प्रसादासारखा नाही धरत.

विक्रम शाबूत आहे. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. तिचा चेहरा एवढासा झालाय, आणि तिकडे अकोला आलं तोंडावर.

२४ जानेवारी
पडलो. सगळा जोर लावला होता, तरी.

अंगावरची माती तशीच ठेवून धर्मेंद्रकडे गेलो. अकोल्याची कुस्ती उद्या आहे, पण तोवर थांबलो नाही. सांगितलं, औंदा जत्रेत ते वाक्य बोलू नको, खोटं होईल.
त्याने विचारलं, "मंग काय म्हनू, पहेलवान?"
"आचलचा सासरा म्हन."