मामंजींची भिंत

मंगळवार, १२ तारीख

चार दिवस वादळ. डोंगर पाण्याने फुगलाय आणि त्याला अडवणारी घरामागची भिंत कोरडी ठणठणीत! गवंड्याने पाणी निघायला भिंतीत पाइप ठेवले होते. सासऱ्यांनी सगळे सिमेंटने बुजवले. का, तर ओघळ पडतात. स्वतः उभं राहून बांधून घेतलेली भिंत ना, आल्यागेल्याला दाखवायची असते.

म्हटलं, मामंजी, पाण्याला वाट द्या, नाहीतर भिंत अंगावर येईल. निदान खाट तरी पुढच्या खोलीत घ्या. म्हणाले, "सूनबाई, तुम्ही लॉन्ड्रीत कपडे धुता ना? ते धुवा."

नवऱ्याला म्हटलं, तुम्ही सांगा. "बाबांना कोण सांगणार?" — मग काय शेजारचा कुत्रा सांगेल?

बुधवार

पाऊस तोच. डोकं ठिकाणावर नाही. दोन चादरी इस्त्रीने जाळल्या.

गुरुवार

फोडली. म्हातारा आंघोळीला गेला तेवढ्यात पहार घेतली, दोन पाइप मोकळे केले. लाल पाणी थेट तोंडावर.

आवाज ऐकून टॉवेलवरच बाहेर आले. "माझ्या भिंतीला भोसकलंस! या घरात पाण्याचा घोट घेणार नाही." नवरा मधे उभा, भिजल्या मांजरासारखा. शेवटी त्यानेच तो चालवतो त्या मालाच्या गाडीतून त्यांना नणंदेकडे सोडलं. म्हटलं, जा.

शुक्रवार

नवऱ्याचा अबोला. एवढंच बोलला, "वडलांना घराबाहेर काढलंस." काढलं.

शनिवार, १६

आम्ही दोघं कामावर. दुपारी डोंगर खाली आला. दगड, झाडं, चिखल. घर नाही. म्हाताऱ्याच्या खाटेवर घराएवढा धोंडा.

भिंत शाबूत आहे. एक तडा नाही. चिखल तिच्या डोक्यावरून आला. भोकं पाडली काय, बुजवली काय — मेल्या डोंगराने विचारलंच नाही.

सोमवार

शाळेच्या वर्गात झोपतोय. नणंदेचा फोन आला. "वहिनी, बाबांना घराचं अजून सांगितलं नाही, छातीत दुखतंय त्यांच्या. सारखं एकच, सुनेने माफी मागितली की घरी जातो."

म्हटलं, द्या त्यांना. जन्मात कुणाची मागितली नव्हती. मागितली.

खूश झाले. म्हणाले, "बरं. उद्या येतो. खाट होती तिथेच ठेवा, सूनबाई."

हो म्हटलं.