रेणुकाचा रजेचा अर्ज

गुरुवार, २० नोव्हेंबर. संध्याकाळ.

नववीच्या इंग्रजीच्या वह्या तपासायच्यात, पण रेणुकाचीच वही पुन्हा पुन्हा उघडतेय.

सोमवारी वर्गात रजेचा अर्ज लिहायला दिला होता. सगळ्यांनी गाइडमधलं ताईचं लग्न उतरवून काढलं. रेणुकाने एकटीने मनाने लिहिलं, माझं लग्न आहे म्हणून रजा हवी. पोरगी गंमत करतेय असं वाटून मी हसले. खाली लाल पेनाने विचारलं, ‘परत कधी येणार?’ तारीख नाही म्हणून अर्धा मार्क कापला आणि मंगळवारी वही परत दिली.

अर्धा मार्क.

आज ती आली नाही. तिच्या शेजारी बसणारी पूनम म्हणाली, “मॅडम, ती काल परभणीला गेली. रविवारी लगीन हाय तिचं.” चौदा वर्षांची आहे. वडील चाकणला कंपनीत, त्यांचा फोन बंद. मुख्याध्यापक म्हणाले, “बाई, त्यांच्या घरातला मामला आहे, आपण कशाला पडायचं?” मी गप्प बसले. का बसले?

चूक पाच वेळा दुरुस्त करून लिहायची, हा माझाच नियम. तिने तो पाळला आणि वही पूनमकडे देऊन गेली. माझ्या लाल प्रश्नाखाली सुवाच्य इंग्रजीत पाच ओळी आहेत. पहिल्या चार सारख्याच: परत कधी येणार ते मला माहीत नाही.

पाचवी वेगळी आहे. मॅडम, तुम्ही बोलवाल तेव्हा.