पुठ्ठेशेठ कराराप्रमाणे वागतात

तीर्थस्वरूप वकीलमामांस,

खोकेवाल्या भाचीचा नमस्कार. खरं तर कोपरापासून करणार होते, पण आई शेजारी बसून खोक्यांना चिकटपट्टी लावते आहे आणि तिचा एक डोळा या कागदावर आहे, त्यामुळे दोन्ही हात जोडून, डोकं टेकवून. तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेले व्यायाम करता, की "करतो, करतो" असं मामींना तोंडी आश्वासन देऊन वर्तमानपत्र उघडता? (मामींना म्हणावं, लेखी घ्या.) मी बरी आहे, कंबर सोडून. कंबरेचं काय झालं ते पुढे येईलच, आणि त्याला जबाबदार कोण, तेही.

मागच्या खेपेला तुम्ही आमच्या कारखान्यात बसला होतात (खाली यंत्र, वर पोटमाळ्यावर पुठ्ठा, मधे एक शिडीवजा जिना, याला आम्ही कारखाना म्हणतो), तेव्हा माझं पुठ्ठेशेठांशी फोनवरचं बोलणं तुमच्या कानावर पडलं. पुठ्ठेशेठ म्हणजे बाबांच्या वेळेपासून आम्हाला पुठ्ठा देणारे व्यापारी. बोलणं एवढंच: मी म्हटलं, शेठ, नेहमीचं, ते म्हणाले, बरं, आणि फोन खाली. तुम्हाला दरदरून घाम फुटला. भाव काय, माल किती, कधी येणार, नाही आला तर काय? मी म्हटलं, येतो. तुम्ही म्हणालात, अगं, हा व्यवहार नव्हे, ही भक्ती झाली. आणि घरी जाऊन तुम्ही मला प्रेमाने एक करारनामा धाडलात. काय सांगू मामा, इतका जाड, की तो ठेवायला मला वेगळं खोकं करावं लागलं असतं.

तुमचं म्हणणं पटलं नाही असं नाही. आमच्यासारख्यांना थोडा थोडा पुठ्ठा देणारे शेठ एकटेच. बाकीचे व्यापारी ट्रक भरून घेणाऱ्यांशीच बोलतात. उद्या शेठ फिरले तर आमचं यंत्र बंद, आणि मी नि आई एकमेकींची तोंडं बघत बसणार. तेव्हा कागद असलेला बरा, म्हणून मी तो त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी टेम्पोच्या बॉनेटवर ठेवून, न वाचता, झोकात सही ठोकली आणि वर म्हणाले, तुझ्या मामाचं अक्षर मोत्यासारखं आहे हो. (टाइप केलेलं होतं.) इथपर्यंत सगळं आलबेल. पण घरी त्यांच्या सुनेने तो त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. 'पुरवठादाराने जाणूनबुजून हलका माल दिल्यास' या कलमापाशी शेठनी तिला थांबवलं म्हणे, आणि जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी फोनवर मला म्हणाले, "तुझ्या वडिलांना मी हलका माल दिला असता, तर तू आज मला कलमं दाखवायला उरली असतीस का?" ओरडले असते तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. समजूत घालायला तोंड उघडते तो फोन बंद.

आणि त्या दिवसापासून, मामा, पुठ्ठेशेठ कराराप्रमाणे वागायला लागले. असा सूड वैऱ्यावरही कोणी उगवू नये. तुम्ही लिहिलं होतंत, माल 'खरेदीदाराच्या दारापाशी' द्यावा. आधी त्यांची माणसं गठ्ठे पोटमाळ्यावर रचून देत, जाताना आईला काही हवं-नको विचारत. आता दारापाशी म्हणजे दारापाशी, उंबऱ्याच्या आत पुठ्ठ्याचा कोपराही यायचा नाही. मग मी आणि आई गठ्ठे उचलून जिना चढतोय. (कंबर!) तुम्ही लिहिलं होतंत, मागणी लेखी आणि आठवडाभर आधी. आधी शेठ चहाला यायचे, गठ्ठ्यावरच फतकल मारायचे, मान वर करून पोटमाळ्याकडे एक नजर टाकायचे, आणि पुठ्ठा संपत आलाय हे मला कळायच्या आत नवा माल हजर असायचा. आता ते येतच नाहीत, तर बघणार कोण? मग मीही हट्टाला पेटले. (तुमच्याच घराण्याचं रक्त.) एकदा माल उशिरा आला, तसं मी दंडाचं कलम बाहेर काढलं. सुनेच्या अक्षरात उत्तर आलं, की मागणीपत्रावर मापं लिहिलेली नाहीत, सबब उशीर झाल्यास जबाबदार खरेदीदार. सून हुशार आहे. तुमच्या हाताखाली घ्या तिला.

अशात बरणीवाल्या बाईंचा फोन. काचेच्या बरण्या करतात त्या, आमचं निम्मं काम त्यांचंच. त्यांचा माल जहाजावर चढायचा होता आणि खोकी ताबडतोब हवी होती, तीही जाड, पाच प्लायची. आम्ही नाही म्हटलं तर त्या दुसरीकडे जाणार, आणि असं गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही, हे समजायला वकील लागत नाही. पोटमाळ्यावर बघते तर खडखडाट. झक मारत शेठना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, लेखी पाठवा, आठवडाभराने बघू. 'पाठवा' म्हणाले, मामा! ज्यांनी मला फ्रॉकात पाहिलंय, ते मला अहोजाहो करायला लागले. मी यंत्रापाशी बसून चक्क रडले, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठांचा टेम्पो दारात उभा, तोही गच्च भरलेला. मला वाटलं, देव पावला. पण शेठ खाली उतरेनात आणि हमाल जागचे हलेनात. शेवटी ड्रायव्हरकडून कळलं, की शेठांच्या गोडाऊनचं छप्पर गळतंय आणि पाच प्लायचा नवा माल भिजायच्या बेतात आहे. असं पूर्वीही व्हायचं. तेव्हा विचारत कोण होतं? सरळ आमच्या पोटमाळ्यावर आणून टाकायचे आणि छप्पर दुरुस्त झालं की घेऊन जायचे. आता मात्र शेठ सीटवर ताठ बसून समोर बघताहेत. करारात पोटमाळ्याचं कलम नाही, म्हणून ते विचारणार नाहीत. करारात उसनवारीचं कलम नाही, म्हणून मी मागणार नाही. त्यांना माझी जागा हवी, मला त्यांचा पुठ्ठा, आणि दोघंही गाल फुगवून बसलेले. रस्त्यावर मागे गाड्या भोंगे वाजवताहेत ते वेगळंच. शेवटी तुमची बहीण उठली, कपबशी घेऊन टेम्पोपाशी गेली आणि म्हणाली, "शेठ, चहाचं कलम घालायचं राहिलंय. घेता, की ओतून देऊ?"

शेठ हसले नाहीत. कप घेतला, उतरले, आत आले, सवयीने मान वर केली, आणि पोटमाळा रिकामा बघून माझ्यावरच डाफरले: "एवढा खडखडाट होईपर्यंत झोपली होतीस का गं?" 'झोपली होतीस' म्हणाले! मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. माल वर चढला (त्यांच्या माणसांनी चढवला, माझी कंबर साक्षीला आहे), आणि ठेवायला दिलेल्या मालातूनच लागेल तेवढा मी घ्यायचा, बाकीचं मागाहून बघू, हे कोणी न बोलताच ठरलं. बरण्या वेळेत जहाजावर गेल्या. मी करारनामा फाडायला घेतला तर शेठनीच हात धरला. म्हणाले, असू दे, कधी कायमचं भांडायचं ठरलं तर उघडू. सध्या तो खणात आहे, आणि त्या खणाला आम्ही कोणी हात लावत नाही.

तेव्हा मामा, राग मानू नका. तुम्ही काळजीपोटीच लिहिलंत, हे मला कळतं. तुमचा कायदा चुकला असं मी म्हणत नाही. तो फक्त भांडण व्हायच्या आधीच आमच्याकडे येऊन बसला, आणि रिकामा बसवेना म्हणून त्याने एक भांडण लावून दिलं. मामींना नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमची लाडकी (अजून असेन तर)
भाची

ता.क. पुठ्ठेशेठनी तुम्हाला एक करारनामा करून मागितला आहे. दोन मुलांमध्ये गोडाऊन वाटून द्यायचं आहे. मागच्याइतकाच जाड हवा, एकही कलम गाळू नका म्हणाले. मी थक्क झाले. तर म्हणतात, "अगं, परक्याचं शब्दावर भागतं. कागद लागतो तो घरात."

ता.ता.क. हे ऐकून आईच्या हातातली चिकटपट्टी थांबली. आजोबा गेले तेव्हा तुमच्या घरातल्या मागच्या दोन खोल्या तिच्या, असं तुम्ही तिला तोंडी सांगितलं होतंत. ती बरं म्हणाली होती, भाऊच तो, म्हणून. हल्ली त्या खोल्यांत तुमच्या अशिलांच्या फायली असतात, असं कानावर आलं. येताना त्याचंही लिहून आणा. जाड नको, दोन ओळी पुरेत. सही मात्र वाचून करा.

ता.ता.ता.क. आईने आत्ता हे वाचलं. म्हणाली, भावाला असं लिहितात का कुणी, खोड आधी ते. मी खोडायला पेन उचललं, तर म्हणाली, राहू दे आता, पाकिटाला तिकीट लावून झालंय, उगाच वाया जाईल.