हिला ती सुई चालत नाही

उदगीर,
१२ फेब्रुवारी २०२५, सकाळ

प्रिय अक्का,

धाकटीचा नमस्कार घे. तुमचा हरभरा काढणीला आला असेल, भाऊजींचा खोकला गेला असेल आणि तू घरातल्या सगळ्यांना वाढून स्वतः तव्यावरचा शेवटचा तुकडा खात असशील, असं धरून चालते. इकडे सासूबाईंचे गुडघे सोडले तर सगळं ठीक. तुरीचा हंगाम आहे, त्यामुळे डाळमिलचा माल घेऊन यांच्या हैदराबादच्या खेपा चालूच आहेत.

पत्र बघून दचकू नकोस. फोनच केला असता, पण आठवडा झाला, माझा फोन यांच्या खिशात असतो. शेजारच्या समीक्षाचं माहेर तुमच्या भोकरचं. ती आज निघाली आहे, तिच्याच हाती देते.

मला सातवा लागला. मागचं बाळ आठव्यात गेलं, ते तू पाहिलंसच. सासूबाई दृष्ट लागली म्हणाल्या, माय नशीब म्हणाली. मी तुला एवढंच सांगितलं होतं की रक्तात जरा दोष निघालाय. त्या दोषाला नाव आहे, अक्का. गरमी, दवाखान्यात सिफिलिस म्हणतात ती. तू समजतेस तीच. कुठून आली हे तुला सांगायला नको, मी यांच्याशिवाय कुणाच्या सावलीला उभी राहिलेली नाही.

मागच्या वेळीही तपासणीत तीच निघाली होती. तेव्हा मी तोंड उघडायच्या आत हे डॉक्टरांना म्हणाले, "हिला पेनिसिलीनची सुई चालत न्हाई. लहानपणी मरता मरता वाचली." म्हणून गोळ्या दिल्या. आता लातूरच्या दवाखान्यात ज्या मॅडम आहेत, त्यांनी मला समोर बसवून समजावलं. पोटातल्या बाळापर्यंत पोचणारं औषध एकच, ती सुई. त्या गोळ्या बाळापर्यंत पोचतच नाहीत. म्हणजे माझं लेकरू औषधावाचून गेलं आणि मी रोज सकाळी मन लावून गोळी गिळत होते.

मॅडम म्हणाल्या, "लहानपणी चालली नाही म्हणणाऱ्या दहांतल्या नऊ जणांना ती चालते. आधी तपासून बघू." मला इतका आनंद झाला की यांच्याकडे बघून हसले. हे हसले नाहीत. सुई घ्यायची तर नवराबायको दोघांनी, असं मॅडमनी आधीच बजावलं होतं. "मला गावात तोंड दाखवायचं हाय," असं हे बाहेर बाकावर मला तेव्हाच म्हणाले होते.

मग मॅडमनी विचारलं, लहानपणी नेमकं काय झालं होतं? मी म्हटलं, फोड आले होते. पुढचं सांगायच्या आतच त्यांचा चेहरा उतरला. अंगभर फोड येऊन कातडी सोलली असेल, तर नुसतं तपासायलासुद्धा ते औषध टोचता येत नाही, माणूस दगावतं. कुणी डोळ्यांनी पाहिलंय का? तेव्हा यांनी तुला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

तू बोललीस. "हाव, लई फोड आले व्हते. कातडं निघालं व्हतं समदं. नका देऊ तिला सुई." पण त्याआधी तू थांबलीस. मी खुर्चीचा हात धरून बसले होते, मला ते थांबणं ऐकू आलं. यांनी फोन खिशात टाकला. "ऐकलं का, मॅडम?"

आता मला काय आठवतं ते सांगते. मी सहा वर्षांची, घसा सुजलेला. देगलूरच्या डॉक्टरांनी सुई दिली आणि आण्णांनी मला घरी आणून टाकलं. संध्याकाळी माय आणि आण्णा रानात होते. तू बारा वर्षांची असशील. दाभणाला बिब्बा टोचून दिव्यावर धरलास आणि तेल सुटल्यावर माझ्या मानेला लावलंस, काकू लावायची तसंच. मला आराम पडावा म्हणूनच. पण बिब्बा उतला. मान, खांदा, जिथं ओघळ गेला तिथं फोड. माय ओरडली, सुईनं पोर जाळली. आण्णा काठी घेऊन डॉक्टरांच्या दारात गेले, चार माणसं जमली आणि डॉक्टर गाव सोडून गेले. त्यानंतर तू काय बोलणार होतीस? मीही तुझ्या जागी गप्पच बसले असते.

इतकी वर्षं मला तुझा राग नव्हता. आता आहे. स्पीकरवर तुझा आवाज ऐकल्यापासून आहे, आणि बरा मोठा आहे.

मॅडमना मी हे सांगितलं. मानेवरचे काळे डाग त्यांनी बोट फिरवून पाहिले. पण हे मधेच म्हणाले, "सहा वर्षांच्या पोरीला काय कळतं? थोरली सांगते ते खरं." मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, फोड फक्त बिब्बा लागला तिथंच होते, तोंडात, डोळ्यांत, बाकी अंगावर काही नव्हतं, हे तुमच्या बहिणीनं समोर येऊन सांगावं. तेवढ्यावर मी पुढं जाईन. नाहीतर माझे हात बांधलेले आहेत.

कुणी तुला मारायला येणार नाही, अक्का. आण्णा नाहीत, ते डॉक्टरही नसतील. भाऊजींना वाटलं तर सांग, नाहीतर लातूरला लग्नाचं स्थळ बघायला चालले म्हण. तुला खोटं बोलायला जड जात नाही. हे लागावं म्हणूनच लिहिलंय.

सोमवारी ये, असं लिहायचं होतं. पण मघाशी गूळपाणी प्यायले, कुशीवर पडून राहिले, पोटावर हात ठेवून बोलून पाहिलं. काल संध्याकाळपासून बाळ हाललेलं नाही. मागच्या वेळीही असंच शांत झालं होतं आणि मी दोन दिवस त्याला शहाणं म्हणत बसले. आज बसणार नाही. हे हैदराबादच्या वाटेवर आहेत. सासूबाईंना न विचारता लातूरची एसटी धरते. समीक्षा दारात उभी आहे. तू वाचलंस की नेसल्या लुगड्यानिशी लातूरला नीघ.

तू खरं सांगशील या एकाच भरवशावर घराबाहेर पडलेली,
तुझी उज्वला