तुमच्या दादांचा आवाज अन् अजहरचा खोडरबर

वलगाव,
कोजागिरीचा दुसरा दिवस

जयवंताबाईंस,

वहिनीचा रामराम. इकडे आमी सगळे धड आहोत, तुमचे गुडघे कसे आहेत ते कळवा. अकोल्याचं ऊन दिवाळीशिवाय उतरत नाही, म्हणून ताक पीत जा. तुमी दिवसातून पाच वेळा चहा पिता, हे सागरनं मले फोनवर सांगितलं आहे. (तुमचा मुलगा चुगलखोर आहे, पण माझ्या कामाचा आहे.) फोन सोडून पत्र काहून, असं तुमाले वाटेल. फोनवर तुमी मधात बोलता, पत्रात तुमाले शेवटपर्यंत ऐकावं लागते. मी सांगून राहिली अन् नात लिहून राहिली. पौर्णिमा माझं मले-तुले खोडून शाळेचं मराठी करत होती. मी म्हटलं, बाई, अक्षर तुझं, तोंड माझं.

बातमी चांगली आहे, हे आधीच सांगते, नाही तर वाचता वाचता तुमी प्रेशरची गोळी घ्याल. तुमच्या दादांचा आवाज गेला होता, तो सापडला.

म्हणजे असं, की दादा जायच्या आदल्या उन्हाळ्यात पौर्णिमेनं कॉलेजच्या कामासाठी आमा दोघांचं बोलणं मोबाइलात भरून कंप्युटरात ठेवलं होतं. कॉलेजवाल्यांले जुन्या काळच्या गोष्टी पाहिजे होत्या, आमी त्यांले भांडण दिलं. तेच आपलं, पेढी नदीत बैलगाडी उलटल्याचं. तुमच्या लग्नाआधीची गोष्ट, गाडीत आपण तिघंच. दादांचं म्हणणं, मी चालत्या गाडीत उभी राहिली म्हणून ती उलटली. माझं म्हणणं, ते कासरा हातात धरून झोपले होते. त्यांचा आवाज घरात तेवढाच आहे. फोटो ढीगभर आहेत, पण फोटोत ते शहाणे दिसतात, ओळखूच येत नाहीत. ते गेल्यापासून, म्हणजे चार वर्षं झाली, दर गुरुवारी जेवणं आटोपली की मी पौर्णिमेले ते भांडण लावायले सांगते, त्यांच्या एकेका वाक्याले उत्तर देते, अन् माझं शेवटचं उत्तर झालं की ती बंद करते. बावन्न वर्षं या घरात शेवटचा शब्द त्यांचा होता. आता माझा असते.

तर खंडेनवमी आली. विळा, कुऱ्हाड, फवारणीचा पंप, सुनेची शिलाई मशीन, सगळ्यांची पूजा झाली अन् कंप्युटर कोपऱ्यात उपाशी. पौर्णिमा त्याच्यावर लोकांचे फॉर्म भरून देते, चार पैसे आणते, मंग तो अवजार नाही तर काय? मी त्याले हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, झेंडूच्या फुलानं पाणी शिंपडलं. पाणी थोडंच होतं. (पौर्णिमा म्हणते, अर्धा तांब्या. ती तिथं नव्हती.) त्या डब्याच्या डोक्यावर जाळी आहे, हे मले कोणी सांगितलं नव्हतं. दसऱ्याच्या सकाळी बटण दाबलं तर आतला पंखा फिरे, तीनदा टीं-टीं-टीं करे, अन् पडदा काळाच्या काळा.

पहिले भगवंतराव मास्तर आले. रिटायर झाल्यापासून ते सगळ्या गावाचे मास्तर आहेत, अन् घरी कंप्युटर असल्यामुळं कंप्युटरचेही. त्यांनी डबा न उघडता निकाल दिला, "फॉर्मॅट मारा." मी विचारलं, म्हणजे काय? तर म्हणे, "शेत नांगरून टाकायचं, काकू. जुने धसकटं साफ." मी म्हटलं, "मास्तर, त्या धसकटात माझा नवरा आहे." तेव्हापासून ते आमच्या घरावरून जाताना सायकल जोरात हाणतात.

मंग मी डबा गोधडीत गुंडाळला, मांडीवर घेतला अन् पौर्णिमेसोबत ऑटोनं अमरावतीले निघाली. ऑटोवाल्यानं विचारलं, "आजी, गोधडीत कोण आहे?" मी म्हटलं, "मालक." मंग त्यानं सगळे खड्डे चुकवले.

इर्विन चौकाच्या मागं अजहरचं दुकान आहे. चाळिशीचा माणूस, कमी बोलतो, पण बोलला की लागते. त्यानं डबा उघडला, चिमट्यानं एक एक तांदूळ वेचून बशीत ठेवला अन् म्हणाला, "दादी, यात लग्न लागलं का?" मी म्हटलं, "पूजा होती. तुमी दुकानात काही करत नाही का?" "करतो ना, लोबान फिरवतो. पण डबे झाकून."

मंग त्यानं आतून फणीसारखी एक पट्टी उपसली. तिच्यावर कुंकवाचा लेप बसला होता. अन् गल्ल्यातून त्यानं काय काढावं, तर खोडरबर. आता जयवंताबाई, मले अक्षर येत नसलं तरी खोडरबर कशाले असते ते कळते. पौर्णिमा पहिलीत होती तेव्हा अख्खं पान घासून पांढरं करे. मी अजहरचं मनगट धरलं. म्हटलं, "पुसू नका, त्यात माणूस आहे."

"दादी, याच्यात काही लिहिलेलं नसते. मी वरचा मळ काढून राहिलो. तुमचं सामान त्या दुसऱ्या डबीत आहे."

"मंग ती डबी आधी बाहेर काढा, त्यातलं दुसरीकडे ठेवा, मंग काय घासायचं ते घासा."

पौर्णिमा लाजून चपला पाहून राहिली. पण अजहर थांबला. म्हणे, "बात बराबर आहे. घर सारवायच्या आधी दाणे बाहेर ठेवतात." त्यानं डबी काढली, आपल्या कंप्युटरले जोडली, अन् त्यातलं सगळं एका पेन ड्राइव्हमध्ये उतरवून घेतलं. मी म्हटलं, दाखवा वाजवून.

दुकानात चार-पाच गिऱ्हाईकं उभी. त्यांच्यादेखत तुमचे दादा खाकरले अन् म्हणाले, "ही बाई जन्मात कबूल करणार नाही." मी तिथंच उत्तर दिलं. ते बोलत, मी बोलत. चार्जर घ्यायले आलेला एक जण चार्जर विसरून स्टुलावर बसला. माझं शेवटचं उत्तर झालं, पौर्णिमा बंद करायले धावली, पण कंप्युटर अजहरचा, तिले बटण सापडेना. अन् भांडण पुढं वाजत राहिलं. त्यात मी उठून स्वयंपाकघरात गेल्याचं ऐकू आलं, भांडे आपटल्याचं ऐकू आलं, अन् मंग दादा हळूच म्हणाले, "पोरी, तुझी आजी बरोबर आहे. मीच झोपलो होतो. आत्ता सांगू नको, भांडायले काही उरणार नाही. मी गेल्यावर ऐकव."

मी पौर्णिमेले विचारलं, "अन् तू चार वर्षं काहून ऐकवलं नाही?" तर म्हणे, "ऐकवलं असतं तर तू गुरुवारचं बंद केलं असतं."

मी अजहरले म्हटलं, पुन्हा लावा. त्यानं लावलं. मंग पुन्हा. चौथ्यांदा त्यानं न सांगता लावलं.

त्यानंतर खोडरबर फिरला, पट्टी परत बसली, अन् पडदा उजळला. घरी आल्यावर पौर्णिमेनं डब्यावर कागद चिकटवला आहे. त्यावर काय लिहिलं ते ती सांगत नाही. पुढच्या खंडेनवमीले मी म्हणीन, मले वाचता येत नाही.

नातवंडांले पापा, सुनेले आशीर्वाद, तुमाले ताक.

तुमची वहिनी
मनकर्णा (अंगठा माझाच आहे, शाई पौर्णिमेची)

ता. क. अजहर म्हणे, एकाच घरात ठेवलेली वस्तू ठेवली असं समजू नये. एक नक्कल दुसऱ्या गावी पाहिजे. शनिवारी सागर येईल, त्याच्याजवळ पेन ड्राइव्ह देते. तुमच्या कपाटात, लग्नाच्या शालूखाली ठेवा. पत्र त्यासाठीच होतं. हळदकुंकू वाहू नका.

दुसरा ता. क. चार दिवस विचार करून राहिली. जयवंताबाई, मी गाडीत उभी राहिली होती. तुमी बोट करून काठावर पाणी प्यायले आलेला रोही दाखवला अन् मी पाहायले उठली. तुमी कोणाले बोलल्या नाही, उपकार आहेत. पण मी उठली तेव्हा दादा पुढून ओरडले होते, "बस खाली." ते तुमीही ऐकलं. झोपलेला माणूस बस खाली म्हणत नाही. म्हणजे पोरीजवळ ते खोटं बोलले, अन् ते मी ऐकावं म्हणून. परवा गुरुवार आहे. याले मी काय उत्तर देऊ, ते लवकर कळवा.