सतरा नंबरच्या मशीनची उचकी

शुक्रवार, जेवणाची सुट्टी

दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. तू, वहिनी आणि छोटी मजेत असाल. छोटीला दात आले का?

पत्र वहिनीच्या हाती देतोय, कारण माझा फोन तू उचलत नाहीस. बरोबरच आहे तुझं. फी तू भरलीस, आणि मी परीक्षेच्या तोंडावर सरांशी भांडून कॉलेजातून जो निघालो तो परत फिरकलोच नाही. मला 'काडेपेटी' म्हणतोस ते उगाच नाही.

पण नोकरी बरी चाललीय. या निर्यात झोनच्या कुंपणाच्या आतली जमीन व्यापाराच्या हिशेबी परदेश धरतात, हे तुला मी काय सांगणार! तुझं तपासणी ऑफिसच त्या फाटकाला लागून. म्हणजे मी रोज डबा घेऊन परदेशी जातो आणि संध्याकाळी माघारी येतो. परदेशी गेलेला आपल्या घरातला पहिलाच.

सोमवारी तू आमच्या नव्या शिलाई कारखान्याच्या तपासणीला येणार, असं कळलं.

हे वाक्य सहज लिहिल्यासारखं लिहिलंय. सहज नाहीये. तीन कागद फाडले त्यापायी.

आधी दुसरंच सांगतो. एक मुलगी आहे. तिसऱ्या ओळीत सतरा नंबरच्या मशीनवर बसते. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी आहे, हे आईला तूच सांग, मला जमणार नाही. मी मेकॅनिकचा हाताखालचा म्हणून लागलो, त्या पहिल्याच आठवड्यात तिनं हाक मारली, "अहो मिस्त्री, हिला उचकी लागते. कोण आठवण काढतंय बघा जरा." खरंच, दर दहा-बारा टाक्यांनी ते मशीन 'हक्' करायचं. आतल्या चाकाचा एक दात झिजला होता. नवं चाक मी स्टोअरमधून घेतलं आणि खिशात ठेवलं. सव्वा वर्ष खिशातच आहे. दुरुस्त केलं असतं तर तिनं परत कशाला बोलावलं असतं? मी आपला दर आठवड्याला तेल घालतो, मान हलवतो, "बघू, पुढच्या वेळी."

हसलास ना? बास, आता हसू नकोस.

आमच्या जुन्या कंपनीची दहा वर्षांची करमाफी या महिन्यात संपते. म्हणून मालकानं पुतण्याच्या नावानं नवी कंपनी काढली. पुन्हा दहा वर्षं माफी, अट एवढीच की मशिनं कोरी हवीत, जुन्या कारखान्यातून उचललेली नकोत. तुझ्या टेबलावर कोऱ्या मशिनांची बिलं आली असतील, एकदम सरळ. पण मशिनं सहा नंबरच्या शेडमधून सात नंबरच्या शेडमध्ये आलीत, फक्त भिंत ओलांडून. दोनशे दहा. वर नवा रंग, नवी नंबरपट्टी. दोन रविवार लागले.

पट्ट्या मी बदलल्या, दादा.

मॅनेजर (आम्ही त्याला साखरतोंड्या म्हणतो) म्हणाला, "तुला हेड मेकॅनिक करतो." मला वाटलं, हेड मेकॅनिक झालो की तिच्या घरी तोंड वर करून जाता येईल. फिटिंगच्या रजिस्टरवर दोनशे दहा ओळींपुढं माझीच सही आहे.

मग शिवणाऱ्या बायकांचा नंबर लागला. या सोमवारी सगळ्यांनी राजीनामे लिहून दिले, मंगळवारी त्याच सगळ्या नव्यानं लागल्या. सतरा नंबरवालीनं सहा वर्षं अख्खी ओळ सांभाळली, तिच्या गळ्यात कार्ड आलं 'शिकाऊ'. माझ्यासमोर धरून म्हणाली, "बघा मिस्त्री, काल जन्मले. अजून पाचवी पूजायचीय."

नव्या शेडमध्येही तिसऱ्या ओळीत सतरा नंबरलाच, नवीन म्हणून दिलेल्या मशीनवर बसली, पायडल दाबलं. बारा टाके. 'हक्.'

तिनं हात उचलले. पुन्हा दाबलं. 'हक्.' मग पट्टीवरून बोट फिरवलं नि हळूच बोलली, "हे माझंच आहे. ज्यानं याची पट्टी बदलली ना, त्याचे हात झडोत."

स्क्रूड्रायव्हर माझ्या खिशात होता. तोंडातून निघून गेलं, "मीच."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मान खाली घालून शिवत राहिली. सुट्टी झाल्यावर फाटकापाशी एवढंच म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? ज्याच्या सहीनं हे खरं ठरणार, त्याला सांगा."

मी म्हटलं, "करमाफी नाकारली तर मालक दुसऱ्या देशात जाईल. नोकरी जाईल तुझी."

"जाऊ दे. सहा वर्षं कागदावर असतील तर दुसऱ्या दारात ताठ उभी राहीन. शिकाऊ म्हणून किती वेळा जन्मू?"

आता शेवटचं, जे मी पहिल्या ओळीपासून टाळतोय. मला हेड मेकॅनिक केलं ते माझ्या हुशारीवर नाही. साखरतोंड्या म्हणाला होता, "तपासणीला तुझा भाऊच येतोय ना? मग घरचंच कार्य." मी मान डोलावली. वर म्हणालो, "दादा माझ्या शब्दाबाहेर नाही." तू माझा फोन उचलत नाहीस, आणि मी तुझा शब्द विकून आलो.

काल मी हिच्या 'शिकाऊ' कार्डावरून सुपरवायझरशी भांडलो, भरात सतरा नंबरची उचकीही बोलून गेलो, ते साखरतोंड्याच्या कानावर गेलं. आज सकाळी जवळ बोलावून खांद्यावर हात ठेवला, "सतरा नंबर सोमवारच्या आत गप्प कर. नाहीतर रजिस्टर आहेच." पाच मिनिटांचं काम आहे. मी भित्रा आहे, दादा. आरडाओरडा करणारे सगळे असतातच. रविवारी माझे हात ते काम करून मोकळे होणार नाहीत, याची मला खात्री वाटत नाही.

म्हणून ते चाक या पाकिटात घातलंय. स्टोअरमध्ये तसलं दुसरं नाही.

सोमवारी बिलं बघून झाली की तिसऱ्या ओळीत ये. सतरा नंबर चालवायला सांग. बारा टाके मोज. कोऱ्या मशीनचा दात झिजत नाही. मग रजिस्टर मागव, आणि भाऊ आहे म्हणून माझं नाव गाळू नकोस. मी तिथंच उभा असेन.

खाली सही करतोय. रजिस्टरवरच्या सहीशी ताडून बघ, तीच आहे. सोमवारची सही तुझी.

तुझा, अजून म्हणवून घेशील तर,
काडेपेटी